मृदंग कुणाच्या घरात आहे?

शिमगा संपतो, पालखी देवळात परतते, चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात. नमनाचा मृदंग मात्र वाडीतच राहतो, कुणाच्या तरी घरात, कापडात गुंडाळून ठेवलेला. त्याची पुडी फाटली तर बदलून आणणारा, कुठल्या गवळणीला कुठली चाल हे लक्षात ठेवणारा आणि पुढच्या वर्षी नवी पोरं उभी करणारा एक माणूस त्या घरात असतो. तुमच्या वाडीत तो कोण आहे, पटकन सांगता येईल?

शेजारच्या सिंधुदुर्गातला असा एक माणूस देशाला माहीत झाला. कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या ही परंपरा त्यांनी धरून ठेवली. या कलेला एके काळी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. तो गेला, करमणुकीची नवी साधनं आली आणि पोटापाण्यासाठी बऱ्याच जणांनी कला सोडली. गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं. आज तिथे जाऊन जुन्या पोथ्या आणि बाहुल्या बघता येतात.

बातम्यांमध्ये आपल्याला दिसली ती चित्रं. पण चित्रकथी म्हणजे नुसती चित्रं नव्हेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांचं एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीने कथा गात पुढे न्यायची, असा तो खेळ आहे. गाणं काढून घ्या, उरतो तो रंगवलेल्या कागदांचा गठ्ठा. कागद काचेमागे जपता येतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. चालीचं तसं नाही. ती कुणाच्या तरी गळ्यातच राहते आणि त्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेली तरच टिकते. म्हणून गंगावणे यांचं खरं मोठं काम संग्रहालयापेक्षाही एक पाऊल पुढचं आहे. त्यांनी ही कला घरातल्या पुढच्या पिढीकडे सोपवली आणि खेळ चालू ठेवला.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. रत्नागिरी शहरात शास्त्रीय संगीताला थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा महोत्सव आहे, नाट्यसंगीताला ‘खल्वायन’सारखी संस्था आहे. ते हवंच. पण नमन-खेळे आणि जाखडी वाड्यावाड्यांत जगतात. नमनात देवांना वंदन, मग गण, गवळण, वग, मध्येच संकासुराचा धुमाकूळ. जाखडीत पायांत घुंगरू बांधून रिंगण धरलेले नाचे, मधे शाहीर आणि मृदंग, आणि शक्तीवाले विरुद्ध तुरेवाले असा सवाल-जवाब. मोठी कोण, शक्ती की शिव, हा वाद रात्रभर गाण्यातून रंगवायला पुराणं पाठ लागतात आणि उत्तर तिथल्या तिथे सुचावं लागतं. आपण ज्याला रॅप बॅटल म्हणून टाळ्या वाजवतो, त्याचा एक भाऊबंद आपल्याच अंगणात आहे.

यातलं फारच थोडं लिहिलेलं आहे. उरलेलं काही पाठांतरात, काही जीर्ण वह्यांत. आणि ते ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यातले अनेक जण आज सत्तरीच्या पुढे आहेत. या माणसांचा आपण सत्कार करतो, नाही असं नाही. शाल, श्रीफळ, दोन शब्द, एक फोटो. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी शाल कपाटात जाते आणि चाल शिकायला कुणीच येत नाही. ज्याच्याकडे काही देण्यासारखं आहे, त्याच्याकडून ते न घेता नुसता हार घालणं हा सन्मान अर्धाच झाला.

उरलेला अर्धा आपल्या हातात आहे, आणि आपल्याकडे त्यांच्याकडे नसलेल्या दोन गोष्टी आहेत : फोन आणि फॉर्म भरायची सवय.

फोनने रील करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तीस सेकंदांत संकासूर मावतो, अख्खी गवळण मावत नाही. आधी परवानगी विचारा. काही गाणी फक्त देवापुढेच म्हणायची असतात, त्याचा मान राखा. मग अख्खं गाणं रेकॉर्ड करा, शब्द उतरवून घ्या, कुणाकडून शिकले तेही विचारा. त्यांची वही असेल तर पानन् पान स्कॅन करा. एक प्रत त्यांच्या घरी, एक कॉलेजच्या ग्रंथालयात. पोस्ट टाकलीच तर गाणाऱ्याचं नाव वर लिहा.

आणि फॉर्म. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलाकारांसाठी मानधन योजना आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या पात्र कलाकाराला दरमहा ५,००० रुपये मिळतात. अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षं मृदंग वाजवणाऱ्या माणसाकडे कात्रणं आणि प्रमाणपत्रं कुठून असणार? पण जुने फोटो, मंडळाची पत्रं, हँडबिलं गावातल्या ट्रंकांमध्ये सापडतात. ती शोधून जोडणं हे आपल्यासाठी दोन रविवारांचं काम आहे. पद्म पुरस्कारासाठीसुद्धा कुठलाही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो, त्याला आमदार-खासदारांची ओळख लागत नाही.

सगळ्यांना पद्मश्री मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पण पुढच्या शिमग्याला गावी जाल तेव्हा पालखी नाचवून झाल्यावर त्या घरी जा. काकांना विचारा, ‘मला एक चाल शिकवाल का?’ एका सुट्टीत एकच शिका. तेवढी एक चाल त्यांच्या गळ्यातून तुमच्या गळ्यात आली, तरी पुष्कळ झालं.