सुरुंगाच्या भोकांची साक्ष

सुप्यात विहिरींना सुरुंग लावणाऱ्या माणसाला भोक कुठल्या बाजूने पाडले, ते बघताच कळते. वाचकहो, दक्षिण कोरियात नेमका हाच पुरावा कामी आला.

उत्तर कोरियाने सरहद्दीखालून चोरून खोदलेले तिसरे भुयार १९७८ साली सापडले. लांबी सुमारे १६०० मीटर, खोली ७३ मीटर. उत्तरेने आधी हात झटकले, मग म्हटले, ही कोळशाची खाण! पण खडक ग्रॅनाइटचा, भिंतींना काळे फासलेले आणि सुरुंगाची भोके दक्षिणेकडे रोखलेली. खोटे बोलायचे तर खडकाला तरी विचारून बोलावे! आता हेल्मेट घालून, वाकून लोक ते बघायला जातात.

याच निर्लष्करी पट्ट्यात १९५३-५४ मध्ये आपले जवान होते, मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनानीच्या हाताखाली. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी त्यांनी सांभाळले. दक्षिणेचे अध्यक्ष री यांनी त्यांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून हेलिकॉप्टरने पट्ट्यात उतरवले. काही कैद्यांना दोन्ही बाजू नकोशा होत्या. १९५४ मध्ये ते जहाजाने भारतात आले.