विश्लेषण : पास घेताना खेळाडूने उभे कसे राहावे? फुटबॉल प्रशिक्षणातला दुर्लक्षित धडा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करून भारत २०२७च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला. दोन महिन्यांनी, १४ डिसेंबरला, लिओनेल मेसी वानखेडेवर आला आणि १३ वर्षांखालील मुला-मुलींसाठीच्या राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पाची चर्चा सर्वत्र झाली. निवड, शिष्यवृत्ती, मैदाने यांवर बरेच बोलले गेले. निवडलेल्या आणि न निवडलेल्या मुलांना रोज संध्याकाळी मैदानावर काय शिकवले जाते, यावर मात्र फारसे कुणी बोलले नाही. त्यातलाच एक साधा, बिनखर्चाचा धडा म्हणजे पास घेताना शरीर कोणत्या दिशेला असावे.

नेमकी चूक कोणती?

नवखा खेळाडू पास देणाऱ्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जुळवून उभा राहतो. चेंडू जवळच्या पायाने थांबवतो आणि मग मान वर करून कुठे जायचे ते पाहतो. तोवर प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतो. मग चेंडू आला त्याच वाटेने परत जातो. याला ‘बंद’ शरीर म्हणतात. ‘उघडा’ खेळाडू आडवा उभा असतो. एका नजरेच्या टप्प्यात त्याला पास देणारा दिसतो आणि मान थोडी वळवली की समोरचा गोलही. चेंडू तो अंगावरून पुढे जाऊ देतो आणि दूरच्या, म्हणजे गोलकडच्या पायाने घेतो. पहिला स्पर्श होतानाच तो निम्मा वळलेला असतो.

फरक एखाद्या सेकंदाचा आहे. पण वरच्या दर्जाच्या सामन्यात प्रतिस्पर्धी त्याच सेकंदाची वाट पाहत असतात. बाजूच्या रेषेजवळ बचावपटूने मैदानाकडे पाठ करून चेंडू घेतला, तर त्याला एकाच दिशेला खेळता येते. तिघांनी मिळून त्याच्यावर धावून जाण्याचा तोच इशारा मानला जातो. २०१९ मध्ये नियम बदलला आणि गोल-किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला घेता येऊ लागला. तेव्हापासून बचावपटूंनाही, तेही स्वतःच्या गोलसमोर, हे कौशल्य अंगी बाणवावे लागले.

वळण्याआधी पाहणे

आडवे उभे राहून नुसते भागत नाही. मागे कोण आहे हे ठाऊक नसेल, तर वळणे म्हणजे चेंडू आंदण देणे. नॉर्वेचे अभ्यासक गेर यॉर्डेट यांनी इंग्लंडमधील मधल्या फळीतील खेळाडूंच्या चित्रफिती तपासून हेच मोजले. चेंडू येण्यापूर्वीच्या क्षणांत फ्रँक लॅम्पार्ड सेकंदाला सुमारे ०.६ वेळा, म्हणजे दहा सेकंदांच्या हिशेबाने सहा वेळा, मान वळवून आजूबाजूला पाहत असे. जास्त पाहणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी ठरतात, असे या अभ्यासात दिसले. अर्थात मुळात चांगला खेळाडूच जास्त पाहतो, हीही शक्यता आहे. म्हणून ‘मान हलव’ असे नुसते ओरडून काही साधत नाही. पाहिलेले वापरण्याची संधी सरावात मिळायला हवी.

मोरिवलीत अडते कुठे?

अंबरनाथजवळच्या मोरिवलीसारख्या औद्योगिक पट्ट्यात, किंवा उल्हासनगर-बदलापूरच्या दाट वस्त्यांत, मुलांपुढे दोनच पर्याय उरतात. एक, क्रिकेटबरोबर वाटून घेतलेले उंचसखल मैदान. दुसरा, तासाच्या भाड्याने मिळणारे जाळीबंद टर्फ. खडबडीत मैदानावर चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे मुलाची नजर चेंडूला चिकटते आणि मान वर होत नाही. तेव्हा मैदान सपाट करणे हेही प्रशिक्षणच आहे, केवळ सुशोभीकरण नव्हे. टर्फवर चेंडू नीट येतो, पण अनेक ठिकाणी तो जाळीवर आदळून खेळातच राहतो. बंद शरीराने घेतलेला, हुकलेला चेंडूही परत मिळतो. चुकीची किंमत मोजावीच लागत नाही, मग सवय सुटणार कशी?

त्याहून मोठी अडचण सरावाच्या पद्धतीत आहे. दोन रांगा समोरासमोर उभ्या करून पास देण्याचा सराव जवळपास प्रत्येक शिबिरात दिसतो. शिस्तबद्ध वाटतो, पालकांनाही आवडतो. पण त्यात पास आला त्याच दिशेला परत द्यायचा असतो. म्हणजे बंद शरीराचाच सराव, तोही शेकडो वेळा! त्याऐवजी चौघांना चौकोनात उभे केले आणि एकीकडून आलेला चेंडू दुसरीकडे द्यायला लावला, तर आडवे उभे राहावेच लागते. त्यात दोन प्रतिस्पर्धी सोडले की ‘रोंडो’ झाला. खुणेसाठी कोन नसतील, तर चपलाही चालतात. पास घेणाऱ्याच्या मागे उभे राहून प्रशिक्षकाने बोटे दाखवावीत आणि चेंडू पोहोचण्याआधी मुलाने आकडा सांगावा, हा खेळ लहानग्यांना फार आवडतो.

पास देणाऱ्याचे काय?

दोष नेहमी घेणाऱ्याच्याच माथी मारला जातो, हे अन्यायाचे आहे. पास जवळच्या पायावर किंवा पाठीमागे आला, तर उघडा उभा असलेला खेळाडूही बंद होतो. दूरच्या पायावर, बेताच्या वेगाने आलेला पास स्वतःच सांगतो, ‘वळ, मागे कुणी नाही’. जवळच्या पायावर आलेला सांगतो, ‘परत दे’. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांत प्रेक्षक ड्रिबलिंगला जीव तोडून दाद देतात; अशा पासला तशी दाद क्वचितच मिळते.

उघडे उभे राहणे हा सरसकट नियमही नाही. पाठीला बचावपटू चिकटलेला असताना आघाडीच्या खेळाडूने वळण्याचा हट्ट धरला, तर चेंडू गेलाच. तिथे आडवे अंग मध्ये घालून, चेंडू दूरच्या पायाखाली राखून सहकाऱ्याची वाट पाहणे योग्य. कधी वळायचे आणि कधी अडवून धरायचे, हे ओरडून सांगता येत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या संघाने अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने गमावले. त्या वयात पहिल्यांदाच अशा वेगाला सामोरे गेल्यावर विचार करायला वेळ उरत नाही. अंगवळणी पडलेले तेवढेच कामाला येते. म्हणूनच हा धडा दहा-अकराव्या वर्षी, चार-पाच जणांच्या छोट्या सामन्यांतून सुरू व्हायला हवा. निवड चाचणीत मुले पारखणाऱ्यांनीही गोल आणि ड्रिबल मोजण्याबरोबर, चेंडू येण्याआधी मुलगा किंवा मुलगी कुठे पाहत होती, याची नोंद ठेवायला हरकत नाही. त्यासाठी एक वही पुरते.