सुई कोणाच्या हाती?

रिक्षा चालवणाऱ्याला परवाना लागतो, मिठाईच्या दुकानालाही लागतो. मग दुसऱ्याच्या शरीरात सुई टोचणाऱ्याला तो का लागू नये? प्रश्न इतका सरळ आहे की त्यावर अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन एवढेच की परवाना हवा हे मान्य केल्यावर वाद संपत नाही, तो तेथून सुरू होतो. परवाना कोणी द्यावा, कोणत्या कसोटीवर द्यावा आणि तो मिळवण्याचा खर्च कोणी सोसावा, हे तीन प्रश्न उरतात. आणि हे तिन्ही प्रश्न वैद्यकाइतकेच अर्थकारणाचेही आहेत.

ॲक्युपंक्चरपुरता कायदा आता झालेला आहे. पश्चिम बंगालने १९९६ साली तो केला. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धती अधिनियम करून परिषद, नोंदवही आणि अभ्यासक्रमांची मान्यता अशी चौकट उभी केली. केंद्र सरकारने २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चरला केवळ उपचाराची एक रीत मानले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. या कायद्याचे स्वागत केले पाहिजे. पण कायद्याची चौकट ही रिकामी पेटी असते. तिच्यात काय भरायचे हे पुढे नियम ठरवतात, आणि नियम करताना लोक झोपलेले असले तर पेटी दुसरेच कोणी भरून टाकतात.

या विद्येचा आपल्याशी असलेला संबंध साधा नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ साली ते तेथेच निवर्तले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, सुईची विद्या शिकले आणि परतल्यावर कलकत्त्यात त्यांनी तिचा उपयोग सुरू केला. बसू हे पदवीधर डॉक्टर होते. परंतु चीनच्या खेड्यांत पुढे हीच सुई काही महिन्यांचे शिक्षण घेतलेल्या अनवाणी डॉक्टरांच्या हाती होती. एकीकडे पूर्ण शिक्षित वैद्य, दुसरीकडे जेथे कोणीच पोचत नाही तेथे पोचणारा अल्पशिक्षित कार्यकर्ता. परवान्याचा सारा पेच या दोन टोकांच्या मध्ये आहे.

परवाना मुळीच नको, असे म्हणणारा एक पक्ष आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली वैद्यकीय परवान्यालाच विरोध केला. ग्राहक चांगला वैद्य निवडील आणि वाईट वैद्य बाजारातून उठेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हा युक्तिवाद वर्गात शिकवायला सोपा, पण रुग्णाच्या अंगावर बेतणारा आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९८४ साली एका ॲक्युपंक्चर चिकित्सकाच्या सुयांमुळे ३५ रुग्णांना ब प्रकारची कावीळ झाली. त्या पस्तिसांपैकी कोणाला सुई पाहून तिच्यावरचा विषाणू ओळखता आला असता काय? छातीवर सुई जरा खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते, हे रुग्णाला कळते ते पडल्यावर. ज्या सेवेची पारख घेणाऱ्याला करता येत नाही, तेथे ती पारख समाजाने आधी करून ठेवावी लागते. या अर्थाने परवाना हे दुर्बलाचे संरक्षण आहे.

पण हीच तटबंदी आतल्यांच्या सोयीचीही होते. कॅलिफोर्नियात १९७४ साली पालो आल्टो येथे मिरियम ली यांना विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल अटक झाली, तेव्हा त्यांचे रुग्ण न्यायालयात गर्दी करून उभे राहिले. पुढच्याच वर्षी तेथे ॲक्युपंक्चरच्या स्वतंत्र परवान्याचा कायदा झाला. लोकांच्या रेट्याने उघडलेल्या या दाराचा उंबरा मात्र पुढे उंचच होत गेला. २००५ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांना तीन हजार तासांचा अभ्यासक्रम आवश्यक झाला. उलट नोंदणीकृत डॉक्टरला हीच सुई वापरण्यासाठी वेगळ्या परवान्याची अट नव्हती. शिक्षण अधिक असावे याला कोण नाही म्हणेल? पण दर वाढीव तासाला शुल्काची पावती चिकटलेली असते, आणि ती पावती फाडता न येणारा माणूस कितीही हुशार असला तरी दाराबाहेर राहतो.

परवाना कामाच्या आकाराचा असावा, हा धडाही तेथेच मिळतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील लिंकन या सार्वजनिक रुग्णालयात सत्तरच्या दशकात व्यसनमुक्तीसाठी कानावर सुया टोचण्याचा उपक्रम स्थानिक कार्यकर्त्यांनी चालवला. कानावरच्या पाच ठरावीक बिंदूंपुरत्या त्या कामासाठी पुढे सुमारे सत्तर तासांचे प्रशिक्षण रूढ झाले आणि काही राज्यांनी त्याला कायद्यात वेगळी जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशा पायऱ्या आहेत: डॉक्टर नसलेल्यांच्या पूर्ण शिक्षणासाठी अडीच हजार तास, डॉक्टरांच्या पूर्ण शिक्षणासाठी दीड हजार, आणि डॉक्टरांनी मर्यादित वापर करायचा असेल तर दोनशे.

परवाना दुर्बलांच्या उपजीविकेच्या बाजूनेही उभा करता येतो, हे जपानने दाखवले आहे. तेथे सुई आणि मर्दन हे शतकानुशतके अंध व्यक्तींचे व्यवसाय राहिले. १९४७ साली अमेरिकी ताबा प्रशासनाने हे उपचार बंद करण्याचा विचार मांडला, तेव्हा अंध चिकित्सकांसह सारा व्यवसाय विरोधात उभा राहिला, आणि त्याच वर्षअखेर बंदीऐवजी परवान्याचा कायदा झाला. डोळस विद्यार्थ्यांसाठी मर्दनाच्या नव्या शिक्षणसंस्था काढण्यावर १९६४ पासून त्याच कायद्यात निर्बंध आहे. २०२२ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनात्मक ठरवला.

आमच्या चळवळीतील विवेकवादी मित्र येथे एक रास्त आक्षेप घेतील. ज्या पद्धतीच्या ऊर्जावाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत, तिला राजमुद्रा देणे म्हणजे भ्रमाला मान्यता देणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ, काही जुनाट वेदना यांत सुईचा उपयोग होतो, असे पुरावे आहेत; पण अनेक चाचण्यांत खरी सुई आणि खोटी सुई यांच्या परिणामांतील अंतर थोडेच आढळले आहे. म्हणूनच परवान्याचा अर्थ नेमका ठरवला पाहिजे. परवाना चिकित्सकाच्या स्वच्छतेची, शरीररचनेच्या ज्ञानाची आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळीच रुग्णालयात पाठवण्याच्या बुद्धीची ग्वाही देतो. प्रत्येक दाव्याची नव्हे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणाऱ्याचा परवाना रद्द करण्याची हिंमत परिषदेत नसेल, तर तो परवाना भिंतीवरची शोभा ठरेल.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. मुंबई प्रांताने १९३८ साली वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हा पदवी नसलेल्या पण प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी ठेवली. आणि १९८३ पासूनच्या विनाअनुदान महाविद्यालयांचा अनुभवही आपल्याच पदरी आहे: ज्या व्यवसायाला पदवीची अट, त्या पदवीचे दुकान. सुईच्या परवान्याचे असे होऊ द्यायचे नसेल, तर आमच्या मते पुढील गोष्टी झाल्या पाहिजेत. शिक्षणाची सोय जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय महाविद्यालयांत, परवडणाऱ्या शुल्कात असावी. परीक्षा मराठीतूनही देता यावी. कॅलिफोर्नियाने इंग्रजीच्या जोडीला चिनी व कोरियन भाषांत ती देण्याची सोय केली, मग महाराष्ट्राला मराठीचे वावडे का असावे? अनुभवी पण प्रमाणपत्र नसलेल्यांना सरसकट माफीही नको आणि सरसकट खटलेही नकोत. त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. परिचारिकांना मर्यादित कामाचा मर्यादित परवाना मिळावा. एकदाच वापरायच्या सुयांची सक्ती आणि तिची तपासणी असावी. आणि परिषदेवर केवळ व्यवसायबंधू न बसता रुग्णांचे व कामगारांचे प्रतिनिधीही बसावेत, कारण स्वतःच्या धंद्याचे न्यायाधीशपद आजवर कोणत्याच संघाने निःस्वार्थपणे सांभाळलेले नाही.

कार्यकर्त्यांनी हे विधिमंडळावर सोपवून चालणार नाही. गुडघे धरून बसणारी गिरणीतील निवृत्त बाई, पाठ मोडलेला हमाल यांना सुईने आराम वाटतो आणि ती दीडशे-दोनशे रुपयांत मिळते, म्हणून ते तेथे जातात. त्यांना उद्या निर्धोक सुई मिळाली, पण ती हजार रुपयांची झाली, तर कायद्याने त्यांचे रक्षण केले की त्यांना घालवून दिले? आपल्या गावातील चिकित्सकाकडे जा, नोंदणीचा दाखला पाहा, सुईचे पाकीट समोर फोडले जाते काय ते पाहा, आणि शिकायला किती पैसे पडले तेही विचारा. परवान्याचे नियम ज्या दिवशी ठरतील, त्या दिवशी ही माहिती आपल्या हाती असली पाहिजे.