कांद्याचे बी आणि मधमाशी



माघ-फाल्गुनात कांद्याचे डेंगळे पांढऱ्या गोंड्यांनी डवरतात. भूम, परंडा, वाशीकडे घरचे बी धरणाऱ्या कुटुंबात तेव्हाच पुढच्या लागवडीचा हिशेब सुरू होतो. पण मळणीला गोंडे चोळले की कधी कधी फोलच जास्त निघतो. दोष खताला किंवा हवेला दिला जातो. माशीची आठवण कोणाला होत नाही.

कांद्याच्या फुलात पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कोणी तरी नेऊन पोचवावे लागतात. हे काम मुख्यतः मधमाशी करते. सूर्यफुलाच्या संकरित बियाण्यातही तिच्यावाचून चालत नाही.

बांधावर फुलोरी किंवा झाडावर आग्या माशी असेल तर ती जाळू नये. माश्या कमी दिसल्या तर सातेरी किंवा मेलिफेरा माशीच्या पेट्या एकरी दोन ठेवाव्यात. घाई मात्र करू नये. कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही. पेटी आधीच आणली तर ती शेजारच्या करडई-कोथिंबिरीवर जाऊ लागते. शंभरातले पाच-दहा गोंडे उमलले की पेटी रात्री आणून सावलीत ठेवावी. जवळ पसरट भांड्यात पाणी ठेवून त्यात काटक्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.

फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वीच करावा. फुलोऱ्यात विषारी औषध मारले तर किडीबरोबर माशीही मरते आणि बी भरायचे राहते. फवारणी टाळता येणारच नसेल तर माशीला कमी अपायकारक औषध निवडावे, माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी फवारावे आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवावे.

आणखी एक काळजी घ्यावी. माशी लाल व पांढऱ्या कांद्याचे परागही एकत्र करते. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींच्या प्लॉटांत निदान 500 मीटर अंतर हवे.

पेटी हाताळणे शिकूनच करावे. खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्याला 1962 पासून आहे. राज्य खादी मंडळाचे मधसंचालनालय महाबळेश्वरला आहे. तेथे चौकशी करावी.

कांद्याचे बी वर्षभरात उगवणशक्ती गमावू लागते. त्यामुळे गेल्या सालच्या शिलकीवर भिस्त ठेवता येत नाही. यंदाचे बी यंदाच भरले पाहिजे. शेजाऱ्यालाही हे सांगा. त्याच्या फवारणीने तुमची माशी मरते आणि तुमच्या फवारणीने त्याची.