करोनाचे निर्बंध, पोटाचे आजार आणि बंगळुरूचे पाणी

बंगळुरू : करोनाच्या साथीतील निर्बंधांनी केवळ श्वसनमार्गाच्या आजारांनाच अटकाव केला असे नाही, उलट्या-जुलाबांच्या संसर्गाच्या काही वाटाही त्यांनी रोखून धरल्या. निर्बंध उठताच त्या पुन्हा खुल्या झाल्या. दूषित पाण्याची वाट तर कधी बंदच झाली नव्हती.

दक्षिण बंगळुरूतील बसवनगुडी हे याचे बोलके उदाहरण ठरते. गांधी बाजारातील गर्दी, १९४३ पासून चालत आलेले ‘विद्यार्थी भवन’ आणि लगतच्या व्ही. व्ही. पुरममधील खाऊगल्ली ही या भागाची ओळख. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि हॉटेलांत बसून खाण्यास ८ जूनपर्यंत मुभा नव्हती. शाळा, वसतिगृहे आणि लग्नसमारंभही थांबले. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस व शिगेला यांचा प्रसार प्रामुख्याने दूषित हात, अन्न आणि निकटच्या सहवासातून होतो. नेमका तोच सहवास तुटला.

इंग्लंडमध्ये या काळात नोरोव्हायरसच्या नोंदी नेहमीच्या सरासरीच्या बऱ्याच खाली गेल्या. निर्बंध शिथिल झाल्यावर हा विषाणू परतला आणि २०२४-२५ च्या हिवाळ्यात तेथील रुग्णालयांवर त्याचा मोठा ताण आला.

तथापि, घटलेल्या नोंदी म्हणजे तितकाच घटलेला आजार, असे मानता येत नाही. संसर्गाच्या भीतीने अनेकांनी रुग्णालयात जाणे टाळले आणि आरोग्य यंत्रणेचे मनुष्यबळ करोनाकडे वळले होते. शिवाय नोरोव्हायरसला करोना विषाणूसारखे मेदाचे आवरण नसल्याने अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्यावर मर्यादितच परिणाम होतो. त्यासाठी साबण आणि वाहते पाणीच लागते.

निर्बंधांची दुसरी बाजू लसीकरणात दिसली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या २०२१ मधील अंदाजानुसार, भारतात घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वाताच्या तिसऱ्या मात्रेचे प्रमाण २०१९ मधील ९१ टक्क्यांवरून २०२० मध्ये ८५ टक्क्यांवर आले. बालकांना अतिसारापासून वाचवणारी रोटाव्हायरसची लस याच नियमित सत्रांत दिली जाते.

बंगळुरूत खरी कसोटी २०२४ च्या उन्हाळ्यात लागली. शहराच्या १४ हजार कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी मार्चमध्ये सांगितले. एप्रिलमध्ये बंगळुरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहातील ४७ विद्यार्थिनींना उलट्या-जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत कॉलऱ्याची लागणही आढळली. ज्या घरात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे वारंवार हात धुण्याची सवय टिकणे कठीण असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणीपुरवठ्याचा पाचवा टप्पा सुरू झाला. शहरालगतच्या ११० गावांसाठी त्यातून दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी मिळणे अपेक्षित आहे. मात्र पाणी वाढले म्हणून ते आपोआप सुरक्षित होत नाही. गळक्या वाहिन्या, टँकर आणि इमारतींच्या भूमिगत टाक्या यांतील पाण्याची नियमित तपासणी हा पुढचा टप्पा ठरतो.

१८९८ च्या प्लेगनंतर बंगळुरूने दाट पेठांबाहेर, बसवनगुडीसारख्या आखीव वस्त्यांत विस्तारण्यावर भर दिला. त्या साथीने शहराच्या रचनेवर कायमचा ठसा उमटवला. करोनाने दिलेली स्वच्छतेची शिकवण मात्र नागरिकांच्या सवयीपुरतीच राहिली, तर पोटाच्या आजारांविरुद्धचा लाभ तात्पुरताच ठरेल.