साडेपाच मिनिटांत दम मोजला जात नाही

लोंढा-खानापूर पट्ट्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा एक समज पक्का आहे: १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की अंगात दम आहे. अग्निवीर भरतीत त्याला ६० गुण मिळतात, त्यामुळे या समजावर सरकारी शिक्काही बसलाय. पण एवढ्या पल्ल्याला लागणारी बहुतेक ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनवरच तयार होते. भरतीतलाच नऊ फुटांचा खड्डा ओलांडताना किंवा आखाड्यात ढाक मारताना जी उसळी लागते, ती ऑक्सिजनची वाट पाहत नाही. या ॲनेरोबिक क्षमतेबद्दल १६०० मीटरचं घड्याळ जवळजवळ मुकंच असतं.

मग शिकलेले प्रशिक्षक म्हणतात, प्रयोगशाळेत न्या. तिथे तर मुळातच अडचण. ऑक्सिजन किती घेतला हे मास्क लावून मोजता येतं. ऑक्सिजनशिवाय स्नायूत जी ऊर्जा खर्च झाली तिचा हिशेब मास्कमध्ये येत नाही. बोट टोचून लॅक्टेट पाहावं, तर हृदयाने आणि इतर स्नायूंनी वापरून उरलेलं तेवढंच रक्तात दिसतं, तेही काही मिनिटं उशिरा. राहिली इस्रायलच्या विंगेट संस्थेत १९७० च्या दशकात घडलेली ३० सेकंदांची सायकल चाचणी. रूढ भार किलोमागे ७५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या पोराला साडेचार किलो. कसलेल्या पैलवानाला तो हलका पडतो, आणि मान, खांदे, पंजा यांची तर दखलच नाही. शेवटी जोर किती घसरला यावरून कमजोरी ठरवणं हा तर शुद्ध अन्याय. सुरुवातीलाच जीव तोडून पेडल मारणाऱ्याची घसरण मोठी दिसते. अंग राखणारा दमदार ठरतो!

म्हणून वस्तादाची नजर पुरे, हेही मला मान्य नाही. लाडका पठ्ठा नजरेला कधी थकलेला दिसतच नाही. मोजायलाच हवं. ३५ मीटरच्या सहा धावा, मध्ये १० सेकंद विश्रांती, ही चाचणी शाळेच्या मैदानावरही होते. मात्र तिच्यातून जोर काढायच्या सूत्रात वेळेचा घन येतो. पाच सेकंदांच्या धावेत हातातलं घड्याळ ०.२ सेकंदांनी चुकलं, की उत्तर सुमारे १२ टक्क्यांनी हलतं. एवढ्या फरकावर दोन पोरांत डावं-उजवं कसं करणार? त्यापेक्षा एकाच पोराच्या सहा धावांच्या वेळेची बेरीज दर महिन्याला, त्याच मैदानावर, त्याच माणसाने घ्यावी.

पैलवानाची चाचणी कुस्तीच्या मापाने बेतावी: तीन मिनिटं, ३० सेकंद विश्रांती, पुन्हा तीन मिनिटं. दुसऱ्या फेरीत तो आपल्या वजनाच्या जोडीदाराला किती वेळा उचलतो ते मोजावं. पहिल्या फेरीचा आकडाही वहीत शेजारी लिहावा, नाहीतर अंग राखणारा इथेही सुटेल.