जिनीव्हाचे रिकामे न्यायासन

जागतिक व्यापार संघटनेच्या अपील-पीठावर सात सदस्य असावेत आणि कोणत्याही दाव्याची सुनावणी त्यांपैकी तिघांनी करावी, असा त्या संघटनेचा नियम आहे. १० डिसेंबर २०१९ रोजी दोघांची मुदत संपली आणि पीठावर एकच सदस्या उरल्या. पुढील वर्षी ३० नोव्हेंबरला त्याही निवृत्त झाल्या. तेव्हापासून ते आसन रिकामे आहे. नव्या नेमणुकीस सर्व सभासद राष्ट्रांची संमती लागते आणि अमेरिका ती देत नाही. हा एकट्या श्री. ट्रम्प यांचा पराक्रम आहे असे कोणी समजू नये. श्री. ओबामा यांच्या कारकीर्दीत, २०१६ मध्ये, एका कोरियन सदस्याची फेरनेमणूक अडवून या प्रकरणाचा श्रीगणेशा झाला. ट्रम्प यांनी तीच रीत पक्की केली आणि बायडन यांनी ती मोडली नाही. परिणाम असा झाला आहे की खालच्या मंडळापुढे हरलेला पक्ष अपील दाखल करतो, अपील ऐकावयास कोणी नसते, आणि निकाल अधांतरी लोंबकळत राहतो. जिनीव्हातील वकीलमंडळींनी या प्रकारास ‘शून्यातील अपील’ असे मोठे समर्पक नाव दिले आहे.

आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांस या बातमीचे दुःख होत नाही. ही संस्था श्रीमंतांची होती, ती श्रीमंतांनीच मोडली, आपले काय गेले, असा त्यांचा सवाल असतो. या सवालातील पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या भागाविषयी मात्र आमचे मत निराळे आहे, आणि ते सांगण्यासाठी आम्ही एकाच जिनसेचा इतिहास वाचकांपुढे ठेवणार आहोत. ती जिन्नस म्हणजे कापूस. महाराष्ट्राला तिची ओळख करून देण्याचे कारण नाही.

भारतीय छिटांनी इंग्लंडच्या बाजारपेठा काबीज केल्या तेव्हा तेथील पार्लमेंटाने १७०० मध्ये अशा कापडाची आयात बंद केली, आणि १७२१ मध्ये तर ते अंगावर घालणे हाच गुन्हा ठरविला. खुल्या व्यापाराचे तत्त्वज्ञान त्या देशाला पुढे सुचले, म्हणजे लँकेशायरच्या गिरण्यांना प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा. ते तत्त्वज्ञानही सोयीपुरतेच होते. १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात बसविली. एवढ्यानेही लँकेशायर दुखावले. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर त्याच दराने अंतर्गत कर लादण्यात आला, आणि तो १९२५ पर्यंत चालू राहिला. परक्याच्या मालावर जकात बसवावयाची तर तेवढाच दंड स्वतःच्या मालावरही घ्यावयाचा, असा न्याय त्या काळी खुल्या व्यापाराच्या नावाने चालत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नवे नियम लिहावयास बसलेल्या राष्ट्रांत भारत होता, ही गोष्ट आज अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनीव्हा येथे जकाती व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार, म्हणजेच ‘गॅट’, तेवीस देशांनी केला. त्यांत अवघ्या अडीच महिन्यांचा स्वतंत्र भारत होता. कराराचे पहिलेच कलम उदात्त होते. जी सवलत एका देशाला द्याल ती सर्वांना द्या, धाकटा-थोरला असा भेद करू नका. हवाना येथे १९४८ मध्ये याहून व्यापक सनद तयार झाली होती. तींत मागासलेल्या देशांच्या औद्योगिक उन्नतीसाठी स्वतंत्र प्रकरण होते आणि एका आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेची योजना होती. परंतु अमेरिकन काँग्रेस ती मंजूर करणार नाही हे ओळखून ट्रूमन सरकारने १९५० च्या अखेरीस तिचा नाद सोडला. विकासाचे प्रकरण बुडाले आणि जकातीचा करार तेवढा उरला.

आता त्या उदात्त कलमाचे पुढे काय झाले ते पाहू. गरीब देशांना जे दोन-तीन प्रकारचे जिन्नस चांगले आणि स्वस्त करता येत होते, त्यांत शेतमाल आणि कापड ही प्रमुख होती. नेमके हेच दोन जिन्नस नियमांच्या कक्षेबाहेर काढण्यात आले. १९५५ मध्ये अमेरिकेने आपल्या शेतीसाठी गॅटच्या बंधनांतून मुदतीविना सूट मिळविली. कापडाच्या बाबतीत १९६१ मध्ये एक ‘अल्पमुदतीचा’ करार झाला. श्रीमंत देशांतील गिरणीकामगारांस सावरावयास थोडा अवधी हवा, एवढीच ती मागणी होती. दुसऱ्याच वर्षी त्याचा दीर्घमुदतीचा करार झाला आणि १९७४ मध्ये बहुतंतू करार, ज्याने लोकर आणि कृत्रिम धागेही आपल्या कवेत घेतले. कोणत्या देशाने किती सदरे आणि किती टॉवेल पाठवावेत याचे कोटे ठरू लागले. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली तेव्हा हे कोटे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठविण्याचे ठरले. पहिल्या तीन टप्प्यांत सोळा, सतरा आणि अठरा टक्के. उरलेले एकोणपन्नास टक्के अगदी शेवटच्या दिवशी. आणि पहिल्या टप्प्यांत कोणता माल मोकळा झाला? बहुतांशी ज्या मालावर निर्बंध मुळीच नव्हते तो! गृहपाठ उद्या दाखवतो म्हणणारी मुले ज्यांनी वर्गात पाहिली आहेत, त्यांना या हिशेबाचे नवल वाटणार नाही. ‘अल्पमुदत’ १९६१ मध्ये सुरू झाली ती २००४ च्या अखेरीस संपली.

हे झाले कापडाचे. कापसाची कथा याहून बोधप्रद आहे. अमेरिकेत कापूस पिकविणारे शेतकरी पंचवीस हजारांच्या आसपास. त्यांना या शतकाच्या आरंभी सरकारकडून वर्षाला काही अब्ज डॉलरांचे साह्य मिळत होते. त्या साह्याच्या जोरावर पिकलेला कापूस जगाच्या बाजारात उतरे आणि भाव पाडी. आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांत एक कोटीच्या आसपास माणसांचे पोट कापसावर आहे. जून २००३ मध्ये बुर्किना फासोचे अध्यक्ष काँपाओरे स्वतः जिनीव्हास गेले आणि त्यांनी भिक्षा मागितली नाही. तुमचेच नियम तुम्ही पाळा, एवढेच सांगितले. त्याच सप्टेंबरात मेक्सिकोतील कानकुन येथे मंत्रिपरिषद भरली. तेथील मसुद्यात या चौघांस काय मिळाले? अमेरिकेचे साह्य बंद करण्याचे वचन नाही. उलट त्यांनी कापसाखेरीज दुसरी पिके घ्यावीत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्यांना त्यासाठी मदत करावी, असा सल्ला. परिषद मोडली याचे आश्चर्य ते काय?

परंतु त्याच सुमारास ब्राझीलने निराळा मार्ग धरला होता. २००२ मध्ये त्याने अमेरिकेविरुद्ध संघटनेकडे दावा लावला. २००४ मध्ये मंडळाचा निकाल त्याच्या बाजूने लागला आणि मार्च २००५ मध्ये अपील-पीठाने तो उचलून धरला. अमेरिकेने टाळाटाळ केली तेव्हा ब्राझीलला प्रतिकारात्मक जकाती लावण्याची, इतकेच नव्हे तर अमेरिकन पेटंटांवर हात टाकण्याचीही मुभा २००९ मध्ये देण्यात आली. मग मात्र वॉशिंग्टनला घाम फुटला. २०१० मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस-उत्पादकांस दरवर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटविले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्यांस नियमबाह्य साह्य देता यावे यासाठी तिने दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांसही पैसे दिले. चार आफ्रिकन देशांना यातून छदामही मिळाला नाही, कारण त्यांच्याकडे दावा लढविण्याची ऐपत नव्हती आणि प्रत्याघाताची धमकी देण्याइतकी बाजारपेठही नव्हती. तरीही या प्रकरणात एक गोष्ट घडली. जगातील सर्वांत बलाढ्य देशाला एका दक्षिण अमेरिकन देशापुढे खिसा रिकामा करावा लागला, आणि तो लष्कराच्या भयाने नव्हे, सात माणसांच्या एका पीठाने कागदावर लिहिलेल्या निकालामुळे. आज रिकामे आहे ते हेच पीठ.

नियम श्रीमंतांच्या सोयीने लिहिले गेले हे आम्हांस मान्यच आहे. ‘डंकेल प्रस्तावा’वरून १९९० नंतर आपल्याकडे जे रान उठले ते अगदीच अकारण नव्हते. १९७० च्या आपल्या कायद्याने औषधावर पेटंट न देता ते बनविण्याच्या कृतीवर दिले जाई, म्हणूनच मुंबईची सिप्ला कंपनी २००१ मध्ये एड्सवरील त्रिविध औषध वर्षाला ३५० डॉलरांत देऊ शकली. त्याच औषधांची पाश्चात्त्य किंमत दहा हजार डॉलरांवर होती. २००५ पासून तो कायदा आपणांस बदलावा लागला. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी पेटंटे तात्पुरती स्थगित करण्याची मागणी केली, तेव्हा तिच्यावर निर्णय जून २०२२ मध्ये झाला, तोही लसींपुरता. साथ तोवर ओसरली होती. शेतीच्या नियमांत तर आणखी एक खोच आहे. हमीभावातील सरकारी साह्य मोजताना आधार धरावयाचा तो १९८६ ते १९८८ या वर्षांतील भावांचा! या मोजपट्टीने २०१८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने कापसाच्या भारतीय हमीभावावर आक्षेप नोंदविला. ब्राझीलला कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्या देशाने विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हमीभावाकडे बोट दाखवावे, याला निर्लज्जपणा हाच शब्द आहे. २०१३ मध्ये बाली येथे आपण मिळविलेले संरक्षण पारंपरिक अन्नधान्यापुरतेच आहे, कापूस त्यात येत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. २००८ च्या जुलैत जिनीव्हा येथे श्री. कमल नाथ ज्या मुद्द्यावर अडून बसले तोही याच जातीचा होता. बांधील मर्यादेपलीकडे जकात न्यावयाची तर आयात आधी चाळीस टक्क्यांनी वाढू द्यावी, अशी मसुद्यातील अट होती. घर अर्धे जळाल्यावर बंब बोलवावा असे सांगण्यासारखेच ते होते. नाथ यांच्यावर बोलणी मोडल्याचा ठपका आला. तो त्यांनी खुशाल मिरवावा.

परंतु स्वतःकडे पाहण्याचीही वेळ येते. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या साखरेविरुद्ध लावलेल्या दाव्यात १४ डिसेंबर २०२१ रोजी निकाल आपल्याविरुद्ध गेला. त्याच महिन्यात आपण अपील केले, कोणाकडे, तर त्या रिकाम्या आसनाकडे! ऊसउत्पादक महाराष्ट्राला या निकालाची अंमलबजावणी जाचक झाली असती, हे आम्ही जाणतो. निकालात दोष असतील, तेही असोत. तथापि, पीठ मोडणाऱ्या अमेरिकेस नावे ठेवावयाची आणि मोडक्या पीठाचा आडोसाही घ्यावयाचा, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे झाले.

पीठ नसले की काय होते ते २०२५ ने दाखविले. २ एप्रिलला श्री. ट्रम्प यांनी जगातील देशांची जी यादी वाचली तीत आफ्रिकेतील चिमुकल्या लेसोथोवर पन्नास टक्के जकात होती. अमेरिकनांस विजारी शिवून देणे हाच त्या देशाचा मोठा उद्योग. तेथील गरीब माणसे अमेरिकन माल विकत घेत नाहीत म्हणून व्यापारातील तूट मोठी, आणि तूट मोठी म्हणून जकात मोठी, असे ते सूत्र होते. पुढे तो दर पंधरावर आला, पण तो कोणत्या नियमाने चढला आणि कोणत्या नियमाने उतरला हे विचारण्यास जागा नव्हती. २७ ऑगस्टपासून भारताच्या मालावरही पन्नास टक्के लागले, त्यांतील निम्मे रशियन तेल घेतल्याचा दंड म्हणून. नंतर दरांचे चढउतार झाले, वाटाघाटी झाल्या. पण गॅटच्या पहिल्या कलमाचे नाव त्यांत कोणी काढले नाही.

आणि या तडाख्याचा भार देशात कोणावर उतरला? कापड-निर्यातदारांस दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क माफ केले. प्रथम सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. म्हणजे नव्या पिकाची वेचणी होऊन ते बाजारात येण्याच्या ऐन हंगामात. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झालेला होता, परंतु सरकारी खरेदी-केंद्रापर्यंत न पोहोचणाऱ्या यवतमाळ-अकोल्याच्या शेतकऱ्यास तो कागदावरच वाचावा लागतो. निर्यातदारांची अडचण खोटी नव्हती. पण वॉशिंग्टनने मारलेला फटका दिल्लीने उचलून वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या पाठीवर ठेवला, आणि तोही अमेरिकन कापसाला दार उघडून, ही वस्तुस्थिती झाकली जाण्यासारखी नाही.

भारताने आता काय करावे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. अपील-पीठाची उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये काही राष्ट्रांनी आपसांत लवादाची हंगामी व्यवस्था उभारली. युरोपीय संघ, चीन, ब्राझील, जपान तीत आहेत, पाकिस्तानही आहे. भारत नाही. तीत सामील झाल्यास साखरेसारखे दावे आपण हरू, अशी भीती दिल्लीत आहे, आणि ती निराधार नाही. काही दावे आपण हरूच. परंतु ज्याच्यापाशी अमेरिकेएवढी बाजारपेठ नाही त्याने न्यायासनाच्या दारात उभे राहण्याचा हक्क कोणत्या हिशेबाने सोडावा? विकसनशील देशांस मिळणाऱ्या खास सवलती यापुढील वाटाघाटींत आपण मागणार नाही, असे चीनने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. यापुढे हे बोट आपल्याकडे वळणार हे उघड आहे. त्या सवलती भारताने सोडू नयेत, हमीभावाच्या प्रश्नावर तर तसूभरही मागे सरू नये. मात्र १९८६ ची मोजपट्टी बदलून घेण्याच्या मागणीत कापसाचा स्पष्ट उल्लेख असावा आणि त्या मागणीवर बेनिन, चाड, माली आणि बुर्किना फासो यांची सही भारताच्या सहीशेजारी असावी. त्या चौघांनी २००३ मध्ये मांडलेला अर्ज अद्याप निकालात निघालेला नाही. संघटनेच्या पुढील बैठकीस जाणाऱ्या आपल्या व्यापारमंत्र्यांनी तो आपल्या कागदपत्रांत घ्यावा, आणि जाण्यापूर्वी परदेशी कापसावरील शुल्काविषयीचे आपले धोरण यवतमाळात जाऊन शेतकऱ्यांस समजावून सांगावे.